तेलात कालवलेलं कुंकू

२९ सप्टेंबर

सापाची कात निघते, आमचा रणजीत गाडीला कात चढवतो! गोठा होता तिथे पत्र्याची शेड, आणि शेडला म्हणे स्टुडिओ. म्हशी गेल्या, आता तिथे आकुर्डीच्या कुणा साहेबांची पांढरी गाडी उभी आहे. नवी कोरी. तिच्यावर काचेसारखी फिल्म चिकटवतो, रबरी पट्टीने खालचं पाणी लोटतो. एक बुडबुडा राहिला तर जेवत नाही. मी विचारलं, "नव्या गाडीला झालंय काय?" म्हणतो, "काही होऊ नये म्हणूनच, आजी."

मी बोलतेय, नात लिहितेय. मी 'न्हाई' म्हणते, ही 'नाही' लिहिते. लिही बाई, तुझ्या शाळेची इज्जत! पण सायले, वही कुणाला दाखवलीस तर तुझ्या लग्नात मीच रुसून बसेन.

३० सप्टेंबर

रोहिदासचं जेवताना पुन्हा तेच. माझाच लेक, पण पोराला धारेवर धरतो. "दिवाळीपर्यंत बघणार. न्हाई चाललं तर शेड गोडाऊनला. तू चाकणला कंपनीत लाग."

रणजीत ताटात बघत म्हणाला, "ही गाडी पसंत पडली तर गाडीवाला त्याच्या कंपनीतल्या मित्रांना पाठवणार आहे."

मी म्हणाले, "रोहिदास, तुला मिशी फुटायला किती दिवाळ्या गेल्या! थांबलोच ना आम्ही?" सायलीला ठसका लागला. रोहिदास उठून गेला.

१ ऑक्टोबर

आज फिल्मवर सिरॅमिकचा थर, चकाकी टिकावी म्हणून. बाटली एवढीशी, अत्तराची असावी तशी. काम झाल्यावर रणजीतने मला बजावलं — "थर कच्चा आहे, आजी. पाण्याचा थेंब नको. कुणाला हात लावू देऊ नको."

राखण माझ्याकडे! म्हातारीला अजून किंमत आहे.

२ ऑक्टोबर, दसरा

बापलेक झेंडू आणायला गेले. मी रणजीतच्या हत्यारांना हळदकुंकू लावलं — ते गरम हवेचं यंत्र, त्या रबरी पट्ट्या. ट्रॅक्टरला लावलं. रोहिदासच्या मोटरसायकलला लावलं. मग ती पांढरी उरली. दसऱ्याला दारात उभं वाहन, परक्याचं असलं म्हणून उघड्या कपाळाचं ठेवायचं?

पाणी नको म्हणाला होता. मी कुंकू तेलात कालवलं. हात नको म्हणाला होता. मी एकच बोट लावलं. बॉनेटवर ठसठशीत स्वस्तिक काढलं, बाजूला हळदीची बोटं. मनात म्हटलं, किती गं शहाणी तू दुर्गाबाई!

रणजीत आला. झेंडूची पिशवी हातातून खाली. कापड घेतलं, पुसलं. तेल निघालं, रंग राहिला. कच्चा थर सगळा रंग पिऊन बसला होता.

कापडाची घडी करून बाजूला ठेवली. ओरडला असता तर बरं झालं असतं.

३ ऑक्टोबर

गाडीवाला आला. धम्मरत्न नाव. सोबत आई, जाईबाई. रणजीत मला म्हणाला, "आत बस." मी खिडकीला.

जाईबाईंनी बॉनेटवरून बोट फिरवलं आणि पदराला पुसलं. धम्मरत्न म्हणाला, "भाऊ, आम्ही बौद्ध. आमच्यात हे करत नाहीत. एका शब्दाने विचारायचं तरी."

रणजीत म्हणाला, "चुकलो. मीच काढलं."

मीच! आणि मी आत. खिडकीचा गज धरून तशीच बसले. एरवी माझी जीभ गावाला पुरून उरते.

"चौदाला आईला या गाडीतून देहूरोडच्या विहारात न्यायचंय," धम्मरत्न म्हणाला. "तोवर नीट करून दे. बाकी मित्रांचं राहू दे आता."

६ ऑक्टोबर

बॉनेटची फिल्म सोलली. खालचा रंग दुधासारखा, डाग नाही. मी म्हणाले, "म्हणजे फिल्म कामाला आली की रे!"

कुणी हसलं नाही. सायलीसुद्धा.

९ ऑक्टोबर

फिल्मचा नवा रोल अजून आला नाही. रणजीत फोनवर गाडीवाल्याला "हो दादा, हो दादा" करतोय. गोडाऊनवाला येऊन टेपने शेड मोजून गेला. मी म्हणाले, "दिवाळी कुठे आलीय?" रोहिदास म्हणाला, "आये, आल्यातच जमा."

वर त्या माणसाला चहा माझ्याच हातचा. मी साखर घातली नाही. एवढंच माझ्या हातात!

१३ ऑक्टोबर

गाडी झाली. धम्मरत्न न्यायला आला. गाडीभोवती फिरला, वाकून कडा बघितल्या, किल्ली घेतली. मला उंबऱ्यात बघून म्हणाला, "आजी, नातू कामाला चोख आहे. पण दुसऱ्याच्या गाडीवर आपला धर्म काढू नये, एवढं शिकवा त्याला."

त्याच्या पाठीमागून रणजीत डोळ्यांनी खुणावतोय — बोलू नको, बोलू नको.

मी म्हणाले, "ते बोट माझं होतं, बाबा. गाडी सुखरूप राहावी म्हणून काढलं. कुणाची आहे ते विचारलं न्हाई."

त्याने माझ्याकडे बघितलं. मग रणजीतकडे. गाडी काढली आणि गेला. सांगून मोकळी होईन वाटलं होतं. कसलं काय! पोरगं खोटं बोलून मला वाचवत होतं, त्याला मी उघडं पाडलं.

१५ ऑक्टोबर

रणजीत चाकणला पहिल्या शिफ्टला गेला. बापाने ओळखीत शब्द टाकला होता. आत कॅमेऱ्याचा फोन चालत नाही, म्हणून फोन घरी ठेवून गेला. माझ्या उशाशी. शेडची किल्ली रोहिदासच्या खिशात, सोमवारी गोडाऊनवाल्याला द्यायची. शेडमध्ये डोकावले. रबरी पट्ट्यांवर माझं कुंकू तसंच होतं.

१६ ऑक्टोबर

दुपारी फोन वाजला. हिरव्या खुणेवर बोट ठेवून वर सरकवायचं, एवढं सायलीने शिकवलंय. पलीकडे धम्मरत्न. "आजी का? विहारात तीन मित्रांनी गाडी बघितली. तिघांना करून हवीय. आई म्हणते, तिथेच पाठव — फक्त आजींना सांग, पूजा नको. कधी पाठवू?"

मी म्हणाले, "उद्याच पाठव."

सायले, लिहून झालं की बापाच्या खिशातली किल्ली आण.