शेपटीची थरथर

अण्णा, परवा रविवारी मी शहराबाहेरच्या त्या माळावर गेले होते. आता तिथे चारी बाजूंनी उंच इमारती आल्यात, मधला तुकडा कसाबसा उरलाय. पुण्याहून नोकरीसाठी आलेली काही मंडळी तिथे रिमोटवरची छोटी विमानं उडवतात, सगळी बॅटरीवरची. आवाज नाही, धूर नाही, इंधनातल्या एरंडेलाचा वास नाही. त्यांच्यातल्या एकानं हौसेनं कुणाचं तरी जुनं तेलावरचं इंजिन विकत घेतलंय. जमिनीवर ते छान चालतं आणि विमानाचं नाक वर केलं की खोकून बंद पडतं. तो बिचारा इंधन कमीजास्त करायची सुई फिरवून फिरवून परेशान झाला होता. मी म्हटलं, सुईला हात लावू नका, आधी नळी बघू. टाकीतून इंजिनाकडे जाणारी ती रबराची नळी काढली, पाण्याच्या बाटलीत बुडवली, एक टोक दाबून धरलं आणि दुसऱ्या टोकातून फुंकलं. मधूनच बारीक बुडबुडे आले. टाचणीएवढं भोक. नाक वर झालं की इंजिनाला इंधन जोरानं ओढावं लागतं आणि तेव्हा त्या भोकातून हवा आत शिरते. तो म्हणाला, "मॅडम, तुम्हाला हे कुणी शिकवलं?" मी म्हटलं, "वडिलांनी." आणि पाणी प्यायचं निमित्त करून बाजूला झाले.

घरी आल्यापासून तुमच्याशी बोलायचं मनात आहे. तुम्ही गेलात त्याला इतकी वर्षं झाली की आता तुमचा आवाज आठवायला मला थोडा वेळ लागतो. पण जामबागच्या घरातलं स्वयंपाकघर लगेच दिसतं. ओट्याच्या टोकाला, आईच्या मसाल्याच्या डब्याशेजारी, जुन्या बनियनच्या तुकड्यावर तुम्ही इंजिन उघडून बसलेले आहात. आई म्हणते, "काय करायलात सकाळपासून? भाजीला त्या तेलाचा वास लागतोय." तुम्ही म्हणता, "हौ, हौ, झालंच." आणि तुमचं दुपारपर्यंत होत नाही. खाली फुलबाजारातून मोगऱ्याचा वास येतो, आत एरंडेलाचा, आणि माझ्या लहानपणाचा वास तो दोन्हींचा मिळूनच आहे.

तुम्ही टेलिफोन खात्यात होता. उभा जन्म जमिनीखालच्या तारांमध्ये दोष शोधण्यात गेला. तुम्ही मला एकदाच रागावलात, तेही त्यामुळेच. मी कॉलेजात होते. इंजिन सुरू होईना म्हणून मी इंधन पेटवणारा ग्लो प्लग बदलला, सुईही अर्धा फेरा उघडली आणि ते सुरू झालं. मी नाचत तुमच्याकडे आले. तुम्ही म्हणालात, "कशामुळे झालं?" मला सांगता येईना. "तू दोन गोष्टी एकदम बदलल्यास. इंजिन चालू झालं, पण तुला काही कळलं नाही. याला दुरुस्ती म्हणत नाहीत, याला नशीब म्हणतात." मला रडू आलं होतं. तुम्ही पुन्हा जुना प्लग बसवायला लावलात.

मग मी आबिड्सला विम्याच्या ऑफिसात लागले, लग्न झालं, नामपल्लीला राहायला गेले. तुम्ही निवृत्त झालात आणि ते मोठं पिवळं विमान बांधायला घेतलंत. लाकूड पार्सलनं यायचं, आणि पोस्टातून ते आणताना तुम्ही बाळ आणल्यासारखं दोन्ही हातांवर धरायचात. विमान तयार झालं, उडालंही झकास, पण तिसऱ्या-चौथ्या रविवारी ती थरथर सुरू झाली. वळण घेताना काही नाही, गिरकी घेताना काही नाही. विमान सरळ, शांत चाललं की शेपटीची फळी थरथरायची आणि विमान नाक खालीवर करत जायचं, थंडी वाजल्यासारखं.

आपण दोघं आणि तुमचे ते दोस्त, औषधांच्या दुकानवाले चाचा, असे तिघंजण त्या दोषाच्या मागे लागलो. आधी रेडिओची पोहोच तपासली. मी विमान धरून उभी, तुम्ही अँटेना मिटून रिमोट घेऊन लांब लांब चालत गेलात. फळी थरथरली. तुम्ही म्हणालात, पोहोच कमी पडतेय, बॅटरी कमजोर असणार. नवी बॅटरी घातली. तुमचे गुडघे दुखत होते म्हणून यावेळी मी चालत गेले, तुम्ही विमान धरलंत. थरथर नाही. आपण खूश. पुढच्या रविवारी तुम्ही उडवलंत आणि थरथर परत. मग रेडिओची लहर ठरवणारा क्रिस्टल बदलला. मग इंजिनाच्या हादऱ्यानं होत असेल म्हणून विमानातल्या रिसीव्हरखाली जाड स्पंज घातला. मग फळी हलवणारी मोटर, ती सर्व्हो, बाजूच्या पंखातल्या सर्व्होशी अदलाबदल करून पाहिली. दर रविवारी एकच गोष्ट. शेवटी चाचा म्हणाले, "अब रेडिओ कू नक्को छेडो साब, उने बेकसूर है." तुम्ही त्यांच्यावर जरा चिडलातच. एरवी तुम्ही त्यांच्यावर कधी चिडला नव्हता.

त्यानंतर एका संध्याकाळी मी ऑफिसातून परस्पर तुमच्याकडे आले. विमान जेवणाच्या टेबलावर होतं, पंख काढलेले. इंजिन बंद, घरात शांतता. तुम्ही म्हणालात, "जरा रिमोट धर, मी सर्व्होला कान लावून बघतो." मी धरला. दांडीवर अंगठा ठेवून उभी राहिले. सर्व्हो गप्प. "दे इकडे," म्हणालात. तुम्ही धरला, अंगठा नुसता टेकवला, आणि शेपटीची फळी थरथरायला लागली. तुम्ही फळीकडे बघत होता. मी तुमच्या अंगठ्याकडे बघत होते. तो जपमाळेचा मणी ओढावा तसा आपला आपण हलत होता. वळण घेताना तुम्ही दांडी मुद्दाम दाबायचात, तेव्हा तो थांबायचा. विमान सरळ चाललं की अंगठ्याला काम उरायचं नाही आणि तो थरथरायचा. मला एका क्षणात सगळे रविवार कळले. तुम्ही म्हणालात, "सर्व्होच खराब आहे. उद्या येताना कोठीच्या बाजारातून नवी आणशील?" मी म्हटलं, "आणते."

स्वयंपाकघरात आई चहा गाळत होती. मी दाराला टेकून उभी राहिले. काही बोलले नव्हते तरी ती म्हणाली, "मला मालूम आहे. दिवाळीपासून मी त्यांना बशी देत नाही. कप वाजतो ना." मग तिनं तुमचा चहा नुसत्या पेल्यात ओतला, अर्धाच, आणि मला म्हणाली, "तू नेऊन दे. आणि तोंड नीट कर आधी."

नवी सर्व्हो मी खरंच आणली. तुम्ही ती बसवलीत. त्या रविवारी मैदानावर चांगलं ऊन होतं, वारा नव्हता. विमान वर गेलं, दोन घिरट्या झाल्या, मग सरळ आलं आणि थरथरलं. चाचा जमिनीकडे बघत होते. तुम्ही आणखी एक घिरटी घेतलीत, आणि दूरच्या टोकाला, परत वळताना, इंजिन खोकलं आणि बंद पडलं. इंजिन बंद पडलं की विमान उतरवायची संधी एकदाच मिळते, ते पुन्हा वर नेता येत नाही. तोवर उतरवायचं काम तुम्ही मला कधी दिलं नव्हतं. तुम्ही माझ्याकडे न बघता रिमोट माझ्या हातात दिलात आणि म्हणालात, "घे."

"अण्णा, मला नाही जमायचं."

"नाक खाली ठेव. वेग जाऊ देऊ नकोस. मी आहे इथं."

ते पिवळं विमान काही आवाज न करता आपल्याकडे आलं. एवढं स्थिर ते त्या महिन्यांत कधीच आलं नव्हतं. गवताला चाकं लागली, एकदा उडालं, पुन्हा टेकलं, थांबलं. चाचांनी "माशाल्ला" म्हटलं. तुम्ही विमानापाशी गेलात, उकिडवे बसलात, आणि बराच वेळ शेपटीवरून हात फिरवत राहिलात. मी जवळ आले तेव्हा म्हणालात, "हात बदलला आणि थरथर गेली. सापडला दोष." थोड्या वेळानं म्हणालात, "तुला कधी कळलं?" मी म्हटलं, "मंगळवारी." तुम्ही मान हलवलीत. "मला आधीच. पण म्हटलं, बाकीचं सगळं तपासून घ्यावं. न जाणो."

डॉक्टरांनी त्याला कंपवात म्हटलं. पुढची वर्षं तुम्हाला आठवत असतील तर मला ती लिहायची नाहीत, आणि आठवत नसतील तर कशाला आठवून देऊ. बटणं, चमचा, सही, मग आवाज, एकेक करून गेलं. एक दिवस मात्र लिहिते. तुम्हाला खुर्चीसकट गच्चीवर आणलं होतं, आणि तुम्हाला ऐकायला मिळावं म्हणून मी इंजिन लाकडी फळीवर ठोकून सुरू केलं. तुम्ही डोळे मिटलेत. मग एक बोट वर करून फिरवायला लागलात, सुई उघड, इंधन कमी पडतंय. मी उघडली. बोट फिरतच राहिलं. आणखी उघडली. इंजिन गुदमरलं, धुराचा लोट आला, तरी बोट थांबेना. ते बोट मला सांगत होतं की नुसतं हलत होतं, मला कळेना. मी गोंधळून तुमच्याकडे पाहिलं, तर तुम्ही हसत होता. आवाज नव्हता, पण खांदे हलत होते. मग मीही हसले. आई जिन्यातून ओरडत आली, "दोघं मिळून गच्ची जाळायलात काय?" तुम्हाला हसताना मी पाहिलं ते त्या दिवशीच शेवटचं.

गेलात तेव्हा जानेवारी होता. नुमाइशचे, त्या दर जानेवारीतल्या प्रदर्शनाचे, भोंगे वाजत होते, रस्ते गच्च भरलेले, मी घरून निघून पोचेपर्यंत झालं होतं. आईनं तुमचे हात छातीवर ठेवले होते. ते हलत नव्हते. इतकी वर्षं ते थांबावेत म्हणून मी देवाला विनवत होते आणि त्या क्षणी मला ते बघवले नाहीत.

परवा तो नळीवाला म्हणाला, "मॅडम, दर रविवारी या ना, आम्हाला शिकवा." मी हो म्हटलं. बहुतेक जाणार नाही. हे कागद कुठे पाठवायचेही नाहीत, इथेच राहतील. एक गोष्ट मात्र तुम्हाला कधी सांगितली नाही, ती सांगून टाकते. मला विमानं कधी फारशी आवडली नाहीत, अण्णा. मान दुखायची, उन्हानं डोकं उठायचं, आणि ते वर गेलं की मला नीट दिसायचंही नाही. तुम्ही सगळे आकाशाकडे बघत असायचात, तेव्हा मी तुमच्याकडे बघत असायचे.