शिखरावरचं पिठलं

डेन्व्हर, ऑगस्ट १९९८

दीनानाथराव यांस,

सप्रेम नमस्कार. तुमचा गुडघा, वहिनींचा दमा आणि आपल्या सोसायटीची गळकी टाकी, तिघांच्याही प्रकृतीचं कळवावं. माझी प्रकृती उत्तम आहे आणि तीच माझ्या मुळावर आली आहे. फोनवर हे सांगता येत नाही, कारण मी बोलत असताना माधव शेजारी बसून माझ्याकडे प्रेमाने बघत असतो.

ही गेल्यापासून या चिरंजीवांचा एकच हेका, बाबांनी पुण्यात एकटं राहू नये, कायमचं इथे यावं. मी म्हटलं, दर रविवारी सिंहगड चढणाऱ्याला कसला आधार लागतो रे? तर म्हणाला, आमच्या इथला एक डोंगर चढून दाखवा, मग खुशाल परत जा. (पोरगं सज्जन आहे. बापाशी पैजा लावायची पद्धत आमच्या घरात नव्हती, ती त्याने इकडे उचलली.) परतीचं तिकीट पुढच्याच आठवड्याचं होतं. मी मुकाट्याने बूट घातले.

गाडी थांबते तिथेच झाडं संपतात. पुढे नुसता उघडा माळ, बोटभर गवत, मोहरीएवढी फुलं आणि ऑगस्टात मफलर शोधायला लावणारा वारा. आडोसा नावालाही नाही. (आडोशाची गरज मला नेमकी कुठे भासली, ते समक्ष भेटीत.) पायवाट सोडायची नाही, कारण तुडवलेलं गवत परत उगवायला माणसाचं आयुष्य जातं म्हणे. दगडांआडून मांजराएवढे घुशीसारखे प्राणी आपल्याला बघून शिट्ट्या मारतात. हवा इतकी विरळ की चार पावलं टाकली की पुन्हा एकदा निवृत्त व्हावंसं वाटतं. त्यात दुपारी विजा पडतात, त्याआधी उतरायचं, म्हणून टेकायचीही चोरी.

सकाळी सूनबाई, म्हणजे नीरजा, डबा देत होती. मी हसलो. गडावर कोणी डबा नेतं का? वर पिठलं-दही घेऊन कोणीतरी बसलेलं असतंच! इतकी वर्षं आपण कधी नेला? तिने डबा परत आत नेला. शेवटी धापा टाकत शिखर गाठलं, तर तिथे दगडांची एक रास आणि वारा. ना चूल, ना मडकं, ना "दही घ्या की आप्पा" म्हणणारी आपली सोजरबाई. मी राशीला वळसा घालून मागेही बघून आलो. (हसू नका.) आणि दीनानाथराव, मला रडू आलं. ही गेली तेव्हा चारचौघांत आवरलेलं रडू तिथे दह्यासाठी आलं.

माधवने पाठीवरची पिशवी उघडली. आत पिठलं, कांदा आणि भाकरी. नीरजाने पहाटे उठून केलेली, ज्वारी मिळत नाही म्हणून मक्याची. त्याने तो डबा मला न सांगता सबंध डोंगर वाहिला होता. पहिला घास पोटात गेला आणि मी मोठ्याने म्हणालो, "आता पुण्यात काय राहिलंय!"

हे वाक्य नव्हे, ढेकर आहे, हे तुम्हाला कळेल. तुम्ही स्वतः दर रविवारी दही चाटून "आता घरी कशाला जायचं" म्हणता आणि खाली बसमध्ये पहिले चढता. माधव फार लवकर पुणं सोडून गेला. उतरताना त्याने माझा दंड सोडला नाही, आणि घरी पोचल्यावर आधी माझं तिकीट रद्द केलं. इतका आनंदात आहे की मला तोंड उघडवत नाही. पैज जिंकलो आणि पुण्याला मुकलो.

वहिनींना नमस्कार.

आपला,
गोपाळकृष्ण

ता. क. पत्राचं खरं कारण हे. माधवला सविस्तर लिहा की माझ्यावाचून तुम्हाला गड चढवत नाही, अन्न जात नाही, डॉक्टरांनीही मलाच बोलवायला सांगितलंय. गुडघा हवा तेवढा वाढवून लिहा.

पुन्हा ता. क. पाकीट चिकटवताना आठवलं, तुम्हाला खोटं लिहिणं जन्मात जमलेलं नाही. तसं असेल तर येणाऱ्या कुणाबरोबर ज्वारीचं पीठ पाठवा. मक्याची भाकरी घशाखाली उतरत नाही. पीठ जरा जास्तच पाठवा.