तिच्या वाटचा पेला

बुधवार, १२ फेब्रुवारी

ती. ताईंस नमस्कार.

पत्राच्या सुरुवातीला सगळं ठीक आहे असं लिहायची रीत असते, पण आज ते माझ्याच्यानं लिहवत नाही. तुमचे मेहुणे बरे आहेत. धाकट्याचा पुढचा दात हलतोय आणि तो दिवसभर जिभेनं ढकलत बसतो. तुमच्या गुडघ्याला आता उतार असेल.

फोन सोडून पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. फोनवर तुम्ही मला वाक्य पुरं करू देत नाही, ताई. मी 'डॉक्टर म्हणाल्या' एवढं म्हणते आणि तुम्ही 'मुलांना दे फोन' म्हणता. पत्राला मध्येच तोडता येत नाही. फाडता येतं, पण तेवढं मी धरून चाललेय.

विषय दुधाचाच आहे. मला या शब्दाचा वीट आलाय. आमच्या फ्रिजच्या दारात आज चार प्रकारचं दूध उभं आहे. तुम्ही सांगितलेलं सायीचं घट्ट. शेजारणीनं सुचवलेलं बिनसायीचं, कारण तिच्या मते हल्लीची मुलं फार सुटतात. डॉक्टरांनी लिहून दिलेलं, पोटाला त्रास न देणारं, ज्याची किंमत बघून हे चष्मा पुसायला लागले. आणि सोयाबीनचं, ज्याला तुम्ही 'शेंगांचं पाणी' म्हणालात. चष्म्याच्या दुकानात मी दिवसभर लोकांच्या डोळ्यांपुढे काचा बदलत विचारत असते, आता बरं दिसतंय की मघाशी? माणसं दोन्हींतलं एक सांगतात आणि सुटतात. घरी येऊन त्या फ्रिजपुढे उभी राहिले की मला असं कुणी विचारत नाही. सांगणारे मात्र पैशाला पासरी. यांना विचारलं तर म्हणतात, 'तुम्ही दोघी ठरवा.' जसं काही आपण दोघी एका टेबलाशी बसून चहा पीत ठरवणार आहोत.

मोठीच्या पोटाचं मी तुम्हाला अर्धंच सांगितलं होतं. गेले काही महिने शाळा भरून थोडा वेळ झाला की दुकानात फोन यायचा, घेऊन जा. पोट फुगलेलं, चेहरा पांढराफटक, सारखं बाथरूमकडे पळणं. आधी मला वाटलं गणिताचा तास चुकवायचाय. हे म्हणाले, बाहेरचं खाते. शेवटी डॉक्टरांनी विचारलं, सकाळी पोटात काय जातं? दूध, मी म्हटलं, चांगलं सायीचं. त्यांनी महिनाभर बंद करायला सांगितलं. दही चालेल, ते वेगळं दूध चालेल, सोयाबीनचं चालेल, फक्त साधं दूध नको. धाकट्याला पचतंय तर त्याला साधं द्या, त्याचा बाऊ करू नका. इतकं सरळ होतं सगळं. बंद केलं आणि आठवडाभर शाळेतून फोन आला नाही.

मग रविवारी तुमचा आला.

तुम्ही मोठीला काय म्हणालात ते मी स्वयंपाकघरातून ऐकलं, कारण तुमचा आवाज फोनमध्ये मावत नाही. 'आईसारखी व्हायचंय ना? मग पेला रिकामा झाला पाहिजे. धाकट्याचाही.' सोमवारी ती स्वतः स्टुलावर चढली, दूध गरम केलं आणि प्यायली. मी नको म्हटलं तर माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तुम्हाला माहीतच आहे, ती मला कशानंच हाक मारत नाही. काही हवं असलं की नुसती समोर येऊन उभी राहते. त्या दिवशी तेवढीही उभी राहिली नाही.

फोन परत यांच्याकडे गेल्यावर तुम्ही जे म्हणालात तेही ऐकलं. तिला जमत नसेल तर मोठीला माझ्याकडे पाठवा. हे 'नाही' म्हणाले नाहीत. 'बघू' म्हणाले. यांचं 'बघू' मला चांगलं ठाऊक आहे, ताई. आमच्या लग्नालाही ते 'बघू'च म्हणाले होते.

काल सकाळी मी घरातून निघाले आणि किल्ली विसरले म्हणून परत फिरले. मोठी ओट्याशी उभी होती. तिचा पेला रिकामा होता आणि ती धाकट्याचा पीत होती, डोळे मिटून, एका दमात. पिऊन झाल्यावर दोन्ही पेले विसळून पालथे घातले. धाकटा खुर्चीवर पाय हलवत बसला होता. त्याला दूध आवडत नाही हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं, कारण त्याचा पेला रोज रिकामा व्हायचा. मला बघून तो म्हणाला, 'मावशीला सांगायचं नाही हं. दोन्ही पेले संपले नाहीत तर माझ्या ताईला घेऊन जाणार आहेत.'

मी त्याच्याजवळ बसून सगळं विचारून घेतलं; मोठीचं दूध बंद होतं त्या आठवड्यात तो आपला पेला मोरीत ओतत होता. दुकानात जायला उशीर झाला आणि मालकांची बोलणी खाल्ली, ते सोडा.

संध्याकाळी मी यांच्यावर तोंडसुख घेतलं. जेवढं साठलं होतं तेवढं सगळं. यांच्या तोंडापुढे पेपर होता. मग पेपर खाली ठेवून म्हणाले, 'मोठीच्या आईलाही दूध पचायचं नाही. लहानपणी तिचा पेला ताईच प्यायच्या, बहिणीला त्यांच्या आईची बोलणी बसू नयेत म्हणून.' मी म्हटलं, हे आधी सांगायला काय झालं होतं? तर म्हणाले, तू विचारलं नाहीस. अशा माणसाशी भांडून काय करायचं ते तुम्हीच सांगा, तुमची ओळख माझ्यापेक्षा जुनी आहे.

मग ते आणखी एक बोलले, आणि तेच लिहायला मी इतकी पानं घोळवतेय. म्हणाले, 'ताईंना अजून वाटतं, ती दूध प्यायली असती तर अंगात ताकद राहिली असती. टिकली असती.'

ताई, मी आज डॉक्टरांना मुद्दाम विचारून आले. ज्या तापात त्या, तुमची बहीण, गेल्या त्याचा दुधाशी काही संबंध नाही. रोज दूध पिणारी माणसंही त्या तापानं गेली आहेत. तुम्ही त्यांचे पेले प्यायलात म्हणून काही कमी पडलं नाही. तुम्ही त्यांना पोटदुखीतून सोडवत होतात. तुमच्याखेरीज त्या घरात ते कुणाला कळलं नव्हतं.

हे कळल्यावर तुमच्यावरचा राग जाईल असं वाटलं होतं, पण गेला नाही. आता राग आला की वाईटही वाटतं, म्हणजे दुप्पट ताप. तुम्हाला सगळं माहीत होतं. मोठीसारखंच पोट धरून बसलेली एक मुलगी तुम्ही लहानपणी पाहिली होती, आणि तरी फोनवर विचारत होतात, पेला रिकामा झाला का?

मोठीला मी हे सांगू शकले असते. अगदी ओठांवर आलं होतं. पण माझ्या तोंडून ते तिला खोटं वाटेल. आईच्या जागी आली, आता आईचं दूधही काढून घेते म्हणेल. तिचं नाक, केस, उंची, सगळं वडिलांवर गेलंय. आईचं म्हणून तिच्याकडे एवढं एक पोट आलंय, आणि आईसारखी व्हायला ती त्याच पोटाशी भांडतेय. हे तिला तुम्हीच सांगायला हवं. येत्या रविवारी सांगा. नाहीतर गुडघा बरा असेल तर इकडे या आणि समोर बसवून सांगा. तिला तिकडे न्यायचं मात्र नाव काढू नका. मी तिला पाठवणार नाही. यांना काहीही 'बघू' दे.

तोवर तिचं ऐकण्यावाचून गत्यंतर नाही. पेले रिकामे झालेच पाहिजेत, नाहीतर तिचा जीव थाऱ्यावर राहत नाही. आज सकाळी तिनं दोन्ही पेले भरले तेव्हा मी आधी पोचले आणि तिच्या हातातला घेऊन पिऊन टाकला. मग धाकट्याचाही. मला दूध मुळीच आवडत नाही, सायीचं तर नाहीच, दुकानात दुपारपर्यंत मळमळत होतं. पण तुम्ही विचारलंत तर तिला खरं सांगता येईल की दोन्ही पेले संपले. कुणी संपवले ते तुम्ही विचारत नाही.

ती बघत उभी राहिली. मग पेले तिनं विसळले.

रविवारी फोनची वाट बघते. यावेळी आधी मला बोलू द्या.

तुमच्या पाठोपाठ दुसऱ्याच्या वाटचं दूध पिणारी,
तुमची धाकटी