दाजींचा भूकंपरोधक ॲम्प्लिफायर

लातूर

चि. सुदर्शन यास अक्काचे आशीर्वाद.

हे पत्र लिहायला तू भाग पाडलंस. तुझ्या दाजींनी सहज विचारलं, गाणी ऐकायला घरच्या घरी, जुन्या रेडिओत असायचे तसल्या काचेच्या व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर करता येईल का, आणि तू नांदेडहून सरळ दोन सर्किटं कागदावर काढून पाठवलीस. एक लहान, एक मोठं. पहिल्या खेपेला कोणतं करावं, हे मात्र लिहिलं नाहीस. कॉलेजात शिकवणाऱ्या माणसाने निवृत्त माणसाला असं अर्धवट काही पाठवू नये. तेव्हापासून आमच्या घरात दुसरा विषय नाही. तुम्ही दोघं नवरा-बायको खुशाल असाल. कस्तुराची कंबर कशी आहे? तेलाने भागत नसेल तर डॉक्टरला दाखवा, शेजारणीला दाखवून उपयोग नाही. मी ठणठणीत आहे, आणि हेही गोळी वेळेवर घेतली की ठणठणीत असतात.

यांनी दोन्ही कागद भिंतीला चिकटवले आणि मागे हात बांधून समोर उभे राहिले, साइटवर राहायचे तसे. भूकंपानंतर पुनर्वसनाच्या गावांत ओव्हरसिअर म्हणून यांनी किती घरं उभी करून घेतली, ते तू पाहिलं आहेस. त्या सगळ्या काळात 'चालतंय की' हे शब्द मी यांच्या तोंडून ऐकले नाहीत. (एका गवंड्याने भिंतीतल्या काँक्रीटच्या पट्टीतली सळई वाचवली म्हणून यांनी अख्खी भिंत उतरवून घेतली. तो गवंडी अजून दिवाळीला पाया पडायला येतो.) आमच्या घरात आजही उंच फळीवर जड वस्तू नाही, आणि प्रत्येक कपाट भिंतीला आवळलेलं आहे. झाडताना मला त्रास होतो, पण झोप शांत लागते.

तर याच नजरेने यांनी सर्किटं तपासली. मोठ्यावर बोट ठेवून म्हणाले, "हे बघ. मधून घडी घातली तर वरची बाजू खालच्या बाजूवर बरोबर बसती. वर एक व्हॉल्व्ह, खाली त्याचा जोडीदार. असं घर हालतं, पण पडत न्हाई." मग लहान सर्किटाकडे पाहून मान हलवली. "हे एका अंगाला कललंय. पहिल्याच धक्क्याला जाईल."

मी म्हटलं, अहो, ही विजेची वाट दाखवली आहे, भिंती नव्हेत.

"कागदावर जे नीट उभं न्हाई, ते जमिनीवर काय राहणार?" झालं. संध्याकाळपर्यंत पेटीचं ड्रॉइंग तयार. लोखंडी अँगलचा सांगाडा, त्याला तळाला, मध्ये आणि वर अशा तीन भूकंपरोधक पट्ट्या, चारी कोपऱ्यांत बोल्ट, तेही फरशीत. सगळं लातूर हाललं तरी आमचं गाणं बंद पडणार नाही. पण खरं सांगते, त्या ड्रॉइंगच्या रेघा पाहत मी बराच वेळ उभी होते. इतकं स्वच्छ काम हल्ली दिसत नाही.

वरच्या खोलीत उदगीरची अलीझा क्लाससाठी राहते. (इथे आता ज्याला गच्ची आहे, त्याने गच्चीवर खोली चढवून मुलं ठेवली आहेत. आम्ही मुलगी ठेवली.) यांनी तिला बोलावून मत विचारलं. तिने अदबीने पाहिलं.

"काका, व्हॉल्व्ह सिलॅबसला नाहीत."

"ते म्हाईत हाय गं. तुला काय वाटतं?"

"आम्हाला वाटायला शिकवत नाहीत, काका. चार पर्याय देतात."

"हितं दोनच हायत."

"मग सोपं आहे. चुकीचा खोडा," म्हणाली आणि टेस्टला पळाली.

खोडायचं काम माझ्याकडे आलं. हसू नकोस. मी बी.एस्सी. झाले तेव्हा ट्रान्झिस्टर पुस्तकाच्या शेवटच्या पानांत होता, आम्ही व्हॉल्व्हच शिकलो. चष्मा लावून दोन्ही वाचले. मोठ्यात चारशेच्या वर व्होल्ट, दोन अगदी सारखे व्हॉल्व्ह, आणि त्या दोघांना आवाज सुलटा-उलटा वाटून द्यायला आणखी एक टप्पा. चूक झाली तर शोधायची कुठे? लहानात एक व्हॉल्व्ह आवाज वाढवतो, दुसरा स्पीकर हलवतो, संपलं. व्होल्ट त्यातही अडीचशे आहेतच, आणि बटण बंद केलं तरी कंडेन्सर ते धरून बसतो. (आपल्या नीलाआत्यासारखा. विषय मिटला म्हणून लगेच हात लावू नये.) सुदर्शन, यांचा उजवा हात गेल्या वर्षापासून थरथरतो. ते सांगत नाहीत, मी विचारत नाही. चहाबरोबर बशी देणं तेवढं मी बंद केलं आहे. असा हात त्या पेटीत जाणार, म्हणून मला झोप नव्हती.

शेवटी मी विचारलं, "नोकरीत तुम्हाला पहिलं काम कोणतं दिलं होतं?"

"मोरी. रेणापूरच्या रस्त्याला, ओढ्यावर."

"धरण का नाही दिलं?"

"येडी का तू? नव्या पोराला धरण देतं का कुणी?"

"मग मोरी पडली?"

"पडती कशी! आजबी एसटी जाती वरून." एवढं बोलून हे उठले. मोठा कागद उतरवला आणि लहान मधोमध लावला. स्वतःचं चुकलं हे इतक्या लवकर मान्य करणारा ओव्हरसिअर मी दुसरा पाहिला नाही. प्राध्यापक तर एकही नाही. "मोरी तर मोरी," म्हणाले, "पण पट्ट्या तिन्ही टाकणार." टाका म्हटलं.

तुझी,
अक्का

ता. क. लहान सर्किटाला लागणारा आउटपुट ट्रान्सफॉर्मर दादांच्या जुन्या रेडिओत आहे. तोच रेडिओ, ज्याच्यावर कस्तुराने फुलदाणी ठेवली आहे. फुलदाणी तुम्ही ठेवा, रेडिओ पाठव. दादांची आठवण वगैरे मला सांगू नकोस. ते असते तर त्यांनीच लेकीला उघडून दिला असता.

दुसरा ता. क. सोल्डरिंग मी करणार आहे. मला त्याची फार हौस आहे, असं मी यांना सांगितलं आहे. तूही तसंच धरून चाल. रोज दुपारी जुन्या तारांवर सराव करते, आणि हे शेजारी बसून प्रत्येक जोडाचा डाग तपासतात. काल माझे सगळे डाग उतरवून घेतले.

तुमच्या गल्लीतले अमृतराव मुलाला क्लास लावायला इथे आले होते. त्यांच्या हाती दिलं ते असं:

शेंगदाण्याची चटणी, स्टीलच्या डब्यात. डबा परत हवा.

कस्तुरासाठी शेकायची रबरी पिशवी.

मोठं सर्किट, घडी घालून. घरात राहिलं तर यांचं मन पुन्हा तिकडे जाईल, म्हणून परत. (प्रत काढून माझ्या कपाटात ठेवली आहे. पुढच्या वर्षी लागेल.)