दादाच्या छातीतली शीर

ती. वहिनींस नमस्कार.

हे पत्र टाकायचं धैर्य होईलसं वाटत नाही, तरी लिहितो. काल तुम्ही विचारलंत, "भावोजी, आधी कळलं असतं तर?" मी म्हणालो, "कुणालाच कळलं नसतं." ते खोटं होतं.

डोक्याकडचं आणि हातांतलं रक्त छातीतल्या एका मोठ्या शिरेतून हृदयात उतरतं. शेजारी गाठ वाढली की ही पातळ शीर दबते, रक्त वरच तुंबतं आणि चेहरा सुजतो. मी हे वीस वर्षं कॉलेजात फळ्यावर काढून शिकवतोय.

उन्हाळ्यात दादाच्या कॉलरचं बटण लागेना. तुम्ही हसलात, "माझ्या हातचं मानवलंय!" तो बूट बांधायला वाकला, तशा मानेवरच्या शिरा टरारल्या. उभा राहिल्यावरही त्या उतरल्या नाहीत. मी ओळखलं. पण त्याच आठवड्यात माझी विभागप्रमुखपदाची मुलाखत होती. म्हटलं, उरकली की सांगू. पद मिळालं, कामं वाढली, दोन महिने गेले. मग डॉक्टर म्हणाले, उशीर झाला.

भावोजींनी दादासाठी जिवाचं रान केलं, असं तुम्ही येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगता. तेव्हा मी मान खाली घालतो, आणि लोकांना तो माझा विनय वाटतो.

तुमचा अपराधी,
धाकटा दीर