व्याह्यांच्या गावची मोजणी

मंगळ. ३ फेब्रु.
तक्रार लेखी नोंदवून ठेवतो, म्हणजे पुढच्या पिढ्यांना न्याय करता येईल. पाथर्डीला नदीकाठच्या गावांच्या संयुक्त पाणी समितीची बैठक. दिवसभर चर्चा पाण्याची, आणि चहा आचमनाला पुरेल एवढा. कागदी पेला अंगठ्याएवढा. तीनदा प्राशन केलं; चौथ्यांदा वाढप्याने असं पाहिलं की केशवाय नमः म्हणायचंच बाकी राहिलं. वार्ताहराची याहून अवहेलना ती काय.

बाकी बैठक बरी. कोकणात खाडीकाठच्या गावांचं पाणी नियोजन करणाऱ्या सावंतबाई आल्या होत्या. तिकडे एकाने जास्त उपसा केला की शेजाऱ्याच्या विहिरीत समुद्र शिरतो, पाणी खारट. म्हणून गावांनी मिळून एकच आराखडा केला. त्यात एक गाव दुसऱ्याचं पाणी मोजतं, स्वतःचं कुणी मोजायचं नाही, आणि मोजणी सगळ्या गावांसमोर वाचून दाखवायची. मागून कुणीतरी, "आमच्या हिरीत समुद्र आला तर बरंच व्हईल की बाई! वलं तरी दिसंल कायतरी." बाईपण हसल्या.

तीच रीत आपणही घ्यायची ठरली. उंबरमाळची सामायिक विहीर नदीच्या वरच्या अंगाला. तिथून नळाने खालच्या गावांना, म्हणजे आम्हालाही, प्यायचं पाणी. तिच्या आसपास नवा बोअर नको. कुणी घेतला असेल तर उन्हाळाभर बंद. उंबरमाळचं कोण मोजणार? आमच्या आणि त्यांच्या, दोन्ही गावांनी एकमुखाने माझं नाव घेतलं. माझ्याबाबत एवढं एकमत याआधी झालेलं आठवत नाही.

बुध. ४ फेब्रु.
एकमताचा अर्थ सौ.ने भाकरी थापता थापता सांगितला. आमची मुक्ता उंबरमाळला दिलेली. "आपलं गाव म्हनतंय, ह्यांना त्या घरातलं सगळं ठावं हाय. त्यांचं गाव म्हनतंय, पोरीचा बाप हाय, तोंड उघडनार न्हाई."
मी म्हटलं, माझ्या निःपक्षपाती लेखणीचा लौकिक...
"जेवा," म्हणाली.

सोम. ९ फेब्रु.
उंबरमाळ. सामायिक विहिरीत दोरीला दगड बांधून सोडला. वर आली ती बरीचशी कोरडीच. मग व्याह्यांच्या मळ्यात. दादासाहेब, म्हणजे मुक्ताचे सासरे, पुढे. मी दोन पावलं मागे. लग्नापासून हाच क्रम. डाळिंबाला फळं लगडलेली, आळ्यांत ओल. त्यांच्या स्वतःच्या विहिरीत मात्र बेडूकसुद्धा नाही. पाठशाळेत गुरुजी धुरावरून डोंगरावरचा अग्नी सिद्ध करायचे. मी ओलीवरून बोअर सिद्ध करत होतो, तेवढ्यात दादासाहेबांनीच कडब्याच्या गंजीमागे नेऊन दाखवला. दिवाळीनंतर घेतलेला. सामायिक विहिरीपासून हाकेच्या अंतरावर.

"तुमच्यापासून काय लपवायचं, पावनं? घरातलंच हाय. नारळ आपल्या मुक्तानंच फोडला."
मी वही उघडली.
"तुमी काय लिवायचं ते लिवा. आपलं काय म्हननं न्हाई."

दम दिला असता तर बरं झालं असतं. दमाला उत्तर देता येतं.

जेवण झाल्यावर ओसरीवर बसवलं आणि चार लोकांदेखत मला फेटा बांधला. वर टॉवेल, नारळ. लग्नात मी त्यांना बांधला होता. त्यानंतरही दर सणाला देणारा मी, घेणारे ते. मुलीच्या बापाला उलटा आहेर आमच्या पंचक्रोशीत कुणी पाहिला नसेल. नको म्हणायला हवं होतं. मुक्ता दारात उभी होती. तिच्याकडे पाहिलं आणि डोकं पुढे केलं.

फेटा काढून पिशवीत ठेवावा हे सुचलं जीप आमच्या फाट्यावर थांबल्यावर. तोवर सगळ्या जीपने डोळे भरून पाहून घेतलं होतं.

बुध. ११ फेब्रु.
पारावर सरपंच आबा: "काय भाऊ, पानी मोजलं का कापड?"
हशा. मीही हसलो. हसण्यावाचून काय करतो.

शेजारच्या गयाबाई हसल्या नाहीत. गेल्या उन्हाळ्यात टँकरच्या रेटारेटीत त्यांचं मनगट मोडलं, अजून घागर उचलताना चेहरा वाकडा होतो. "औंदा तरी टँकरमागं पळायला लावू नका, भाऊ. तुमच्या हातात हाय." एवढंच. तो बोअर चालू राहिला तर सामायिक विहीर चैत्र काही बघत नाही. बंद झाला तर दादासाहेबांची बाग फळांसकट जाते. मधलं काही निघतं का म्हणून दोन दिवस डोकं खाजवतोय.

संध्याकाळी आबांना गाठून म्हटलं, माझ्याऐवजी दुसरा नेमा.
"आता सोडलंत म्हंजी कायतरी घावलंय, आसंच म्हननार लोक. बोंब तुमच्या व्याह्याचीच व्हनार."
"आणि नाही सोडलं तर?"
"मग वाचा की."
आबा सरळ बोलतात. सरळ माणसाशी वाद घालायची सोय नसते.

शनि. १४ फेब्रु.
सावंतबाईंना फोन. विचारलं, तुमच्याकडे मोजणाऱ्याचे सोयरे निघाले तर?
"अहो, सोयरा पाठवायचाच नाही. मी बैठकीत बोलले होते. तुमचे आबा म्हणाले, मग आमच्याकडे मोजायला माणूसच उरणार नाही."
फोन ठेवून मनातल्या मनात गाव फिरून आलो. आबांची बहीण उंबरमाळला. ग्रामसेवकाचा साडू तिथलाच. शाळेतल्या मास्तरांची सून तिथली. आबा खोटं बोलले नव्हते. बाई शेवटी म्हणाल्या, "तुम्ही सगळे एकमेकांच्या घरातलेच आहात, मग एकमेकांचं पाणी कसं काय तोडता हो?" विचारायची पद्धत इतकी निर्मळ की राग धरता येईना.

दैनिकाला बातमी पाठवायची होती. "समितीचे काम समाधानकारक प्रगतिपथावर." पाठवली. तेवीस वर्षांत माझं हेच वाक्य सर्वांत जास्त छापून आलं असेल.

मंगळ. १७ फेब्रु.
दुपारी मुक्ताचा फोन. जेवलात का, गुडघा कसा आहे, आईचं काय चाललंय. सगळं नेहमीचं, आवाज तेवढा जपून.
"घरी सगळं ठीक ना गं?"
"ठीक आहे बाबा. मला कुणी काही बोलत नाही."
हळूच, "सासूबाई आजकाल भाकरीपण स्वतःच थापतात. मला म्हणतात, तू बस."
मागे कुणीतरी खोकलं. मग हवापाणी, बाजारभाव.

सौ.ला हे सांगितलं, आनंदाने; पोरीला विश्रांती मिळते म्हणून. तिच्या हातातलं सूप थांबलं. "बस म्हनली? चुलीपास्नं उठीवली की व तिला."
आणि पुन्हा पाखडू लागली. मला सासुरवास म्हणजे आरडाओरडा, एवढंच माहीत. हा प्रकार कुठल्या ग्रंथात नव्हता.

शुक्र. २० फेब्रु.
जावईबापूंना फोन लावला. चांगला मुलगा आहे. "आमच्यात असं काही नाही हो मामा. दादा म्हणतात, मामांना मोकळं राहू द्या." सगळे मला मोकळं ठेवताहेत. एवढं मोकळं की हलता येत नाही.
दादासाहेबांना एकट्याने भेटून, पाळीपाळीने बोअर चालवा, आठवड्यातून ठरावीक दिवस... असं काही सुचवावं? सौ.चं म्हणणं, "मुलीच्या बापानं सुचवायचं आन् त्यांनी ऐकायचं? कधी ऐकलंय?"
नाही ऐकलं.

रवि. २२ फेब्रु.
उद्या सकाळी उंबरमाळच्या मारुतीसमोर मोजणीचं वाचन. सगळी गावं येणार. गयाबाईसुद्धा येते म्हणाल्या, जीपमध्ये जागा धरायला सांगितलीय. बायका देवळाच्या डाव्या हाताला बसतात. मुक्ता तिथेच असणार, सासूच्या शेजारी.

दोन मजकूर तयार आहेत. एकात बोअर आहे, एकात नाही. भाषा दोन्हींची उत्तम. त्याबद्दल स्वतःची पाठ थोपटून झाली, आता खरं लिहितो.

गाव काय म्हणेल याची मला फारशी काळजी नाही. व्याही तोंड फिरवतील, फिरवोत. मुक्ताला तिचं मत मी अजून विचारलेलं नाही. फोन रोज हातात घेतो आणि ठेवतो. मी तिला ओळखतो, ती म्हणेल, वाचा बाबा, खरं तेच वाचा. मग मला वाचावंच लागेल, आणि वाचन संपलं की मी जीपने घरी येईन, आणि ती त्याच घरी परत जाईल. मला त्याची भीती वाटते.