नदीचा पहिला ठोका

प्रिय धाकट्या,

हे फोनवर सांगायला जमणार नाही. बाबा शेजारच्याच खोलीत असतात, आणि पक्षाघाताच्या झटक्यानं जीभ जड झाली असली तरी कान अजून तिखट आहेत. उजवा हात उचलत नाही. मी भरवते, तर रुसून खातात.

आठवतं ना रे, जेवणाच्या टेबलावर आपला रशियनचा वर्ग भरायचा? शब्दात जोर जिथं, तिथं अंगठ्याचा ठोका. रशियनचा जोर बेभरवशाचा, शब्दागणिक जागा बदलणार; आणि जोर नसेल तिथं स्वराचा चेहराच पडणार. दुधाला लिहायचं 'मोलोको', म्हणायचं 'मलाको'. बाकीच्या स्लाव भाषा तिच्या चुलत बहिणी. पोलिशचा ठोका बहुतेक शेवटून दुसऱ्या अक्षरावर, चेकचा कायम पहिल्यावर. 'त्यांना काय, झोपेतही बोलता येईल,' असं बाबा हिणवायचे. आणि तू नेमका त्या चेक बहिणीच्याच घरी संसार थाटलास!

त्या दिवशी, झटक्याच्या आधी, व्हिडिओ कॉलवर तू त्यांच्याशी रशियन बोलताना नदीचा ठोका चुकवलास. 'रिका', जोर शेवटी. तू चेकसारखा पहिल्यावर दिलास. 'पालथ्या घड्यावर पाणी,' असं ते सुनेसमोर म्हणाले आणि तू फोन ठेवलास. तेव्हापासून दोघंही हट्टाला पेटलात. नातीचा फोटो मी फ्रिजवर लावला, तर त्याकडे बघायचे नाहीत. निदान माझ्यासमोर तरी नाही.

आता बोलायला शिकवणारी एक मुलगी घरी येते, चित्रांची कार्डं घेऊन. परवा तिनं नदी दाखवली. बाबा डाव्या अंगठ्यानं ठोका देत काहीतरी म्हणाले, 'र' आणि 'झ' एकमेकांत अडकल्यासारखं. मग पुन्हा. ठोका प्रत्येक वेळी पहिल्याच अक्षरावर. ती बिचारी म्हणाली, गोंधळ होतोय. मला वाटलं, सगळं गेलं तरी चालेल, पण यांची रशियनही गेली? स्वयंपाकघरात जाऊन रडले. ती गेल्यावर हळूच म्हटलं, बाबा, 'रिका' ना? तुम्हीच शिकवलंत. त्यांनी मान हलवली, नाही. फ्रिजवरच्या फोटोकडे बोट केलं आणि कष्टानं म्हणाले, "तिची. तिची नदी."

चेकमधल्या नदीच्या शब्दातला तो 'र-झ' धडधाकट माणसालाही दमवतो म्हणे. हे रोज सकाळी तोंड वेडंवाकडं करून त्याच्याशी झुंजतात. तुझ्या लेकीला चेकशिवाय काही येत नाही, हे मीच त्यांना कधीतरी बोलून गेले होते.

डॉक्टर म्हणतात, दुसरा झटका आला तर आहे ती वाचाही जाईल. म्हणून लिहितेय. या रविवारी फोन कर. तुला बोलायचं नसेल तर नको बोलूस, पोरीला दे. तिच्या आजोबांनी तिच्यासाठी एक वाक्य तयार केलंय. ते अडखळतील, चुकतीलही. हसू नकोस, आणि राजा, त्यांना दुरुस्त करू नकोस.

तुमच्या दोघांच्या मधली,
तुझीच ताई